घाटात दमणारे ब्रेक

गॅरेजमध्ये गाडी लावून माणूस सांगतो, "ब्रेक नीट लागत नाहीत." एवढ्यावरून मेकॅनिकला फारसं काही कळत नाही. पेडल खोल जातंय की कडक झालंय? मऊ लागतंय का? सिग्नलला दाबून धरलं की हळूहळू खाली उतरतं का? पहिल्या दाबाला खोल आणि लगेच दुसऱ्या दाबाला वर, असं होतं का? की पेडल अगदी जागेवर आहे, पाय जोरात दाबलाय, आणि गाडीच थांबत नाही? हे सगळे निरनिराळे बिघाड आहेत. त्यांची कारणं गाडीच्या निरनिराळ्या भागांत असतात आणि त्यातल्या बऱ्याच कारणांचा पॅडशी काही संबंध नसतो. तरी पहिला उपाय बहुतेक वेळा ठरलेला: पॅड बदला. तक्रार राहिलीच, तर हौशी मालक पुढची पायरी चढतो आणि मोठ्या डिस्क, चार पिस्टनचे लाल कॅलिपर यांच्या किमती विचारू लागतो. हे प्रकरण त्या चौकशीच्या आधी वाचायचं आहे.

ब्रेकच्या पेडलपासून चाकापर्यंत जोर जातो तो द्रवातून. पेडल ही एक तरफ. साध्या मोटारीत ती पायाचा जोर चारेक पट करते. पुढे लागतो व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला मागे दिसणारा तो काळा गोल डबा. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा इनटेकमध्ये जो कमी दाब तयार होतो, तो एका होजने या डब्याच्या एका कप्प्यात पोहोचवलेला असतो. डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. पेडल दाबलं की दुसऱ्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते आणि मधला पडदा पुढे ढकलला जातो. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर आणि दाबातला फरक ०.७ वातावरण धरला, तर हा रेटा सव्वादोनशे किलो वजनाइतका भरतो. आपण हलक्या पायाने गाडी थांबवतो ती याच्या जिवावर.

हा जोर मास्टर सिलिंडरच्या छोट्या पिस्टनवर पडतो, ब्रेक ऑइलमध्ये दाब तयार होतो आणि पास्कलच्या नियमाने तो चारही चाकांपर्यंत सारखा पोहोचतो. चाकाजवळ पॅडना डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मास्टर सिलिंडरच्या पिस्टनपेक्षा बराच मोठा असल्यामुळे तिथे जोर पुन्हा कित्येक पट वाढतो. जोर वाढला की अंतर घटतं, हा हिशेब कुणालाच चुकवता येत नाही. पेडल पाच सेंटिमीटर दाबलं तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन सरकतो बारा-तेरा मिलिमीटर, आणि चाकाजवळचे पॅड जेमतेम अर्धा मिलिमीटर. या सगळ्यात पुढे ढकललं गेलेलं ऑइल असतं चार मिलिलिटरच्या आसपास.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. त्या पाइपांत कुठेतरी एक मिलिलिटर हवा अडकली असेल, तर आधी ती चिरडण्यातच मास्टर सिलिंडरचे तीन मिलिमीटर आणि पेडलचे बारा मिलिमीटर खर्च होतात. पायाला जो मऊपणा जाणवतो, मेकॅनिक ज्याला "स्पंजी पेडल" म्हणतात, तो हा.

त्यावर उपाय म्हणजे हवा काढणं, ब्रेक ब्लीड करणं. एक जण पेडल दाबतो, दुसरा चाकाजवळचा निपल उघडून बुडबुड्यांसकट ऑइल बाहेर काढतो आणि पेडल सुटण्याआधी निपल बंद करतो. काम सोपं, पण चुकायला जागा भरपूर. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबलं, तर मास्टर सिलिंडरचं रबर एरवी कधी न वापरल्या गेलेल्या, गंज चढलेल्या भागावर घासतं आणि फाटतं; हवा काढायला आलेली गाडी मास्टर सिलिंडरची किट टाकून परत जाते. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल, तर कितीही पेडल मारून ती निघत नाही. स्कॅनर लावून त्यातला पंप आणि झडपा चालवाव्या लागतात. कधी कधी चूक हास्यास्पद असते. काम करताना डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला जातो. बोल्ट बरोबर बसतात, गाडी चालते, फक्त निपल वरच्या टोकाऐवजी खाली येतो. हवा वर, निपल खाली. मग लिटरभर ऑइल ओतलं तरी पेडल मऊच.

पहिल्या दाबाला खोल आणि दुसऱ्याला वर येणारं पेडल वेगळी गोष्ट सांगतं. मागे ड्रम असलेल्या गाडीत बहुधा ब्रेक शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलेलं असतं, कारण आपोआप अंतर जुळवणारा अ‍ॅडजस्टर गंजून अडकलेला असतो. चारही चाकांना डिस्क असतील आणि वळणांच्या किंवा खराब रस्त्यानंतरच पहिला दाब खोल जात असेल, तर व्हील बेअरिंगकडे पाहावं. बेअरिंग ढिलं झालं की डिस्क डुगडुगते आणि पॅडना मागे ढकलून ठेवते; पुढच्या दाबात ते अंतर भरून काढण्यातच पेडल जातं. या दोन्ही आजारांवर नव्या पॅडने काहीही होत नाही.

दाबून धरल्यावर हळूहळू खाली उतरणारं पेडल दिसलं की गाडी चालवणं थांबवावं. ऑइल बाहेर गळत नसेल, तर ते मास्टर सिलिंडरच्या आतल्याआत रबराला बगल देऊन मागे जातंय. कडक पेडलसाठी घरीच करता येणारी तपासणी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला शिल्लक व्हॅक्यूम संपेल. मग पेडल दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय. तसूभरही हललं नाही तर होज, एकमार्गी झडप किंवा बूस्टरचा पडदा तपासायला हवा. लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्यांना पेट्रोल गाडीचं पेडल खार्दुंग ला भागात जड लागतं, ते मात्र बिघाडामुळे नसतं. पाच हजार मीटरच्या वर बाहेरच्या हवेचाच दाब निम्म्यावर येतो, आणि बूस्टर चालतो तो त्याच दाबावर.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं की "डिस्क बेंड झाली" असं निदान हमखास होतं. डिस्क खरोखर वाकलेली क्वचितच निघते. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. कुठे पॅडचा थर चिकटलेला असतो, कुठे नसतो. खूप तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवून पाय तसाच घट्ट दाबून ठेवला, तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढची थरथर तिथून सुरू होते. कधी हबवर साचलेल्या गंजामुळे नवी डिस्कच किंचित तिरकी बसते, ०.०५ मिलिमीटरहून जास्त डुगडुग बहुतेक गाड्यांना चालत नाही. नवी डिस्क बसवण्याआधी हब तारेच्या ब्रशने साफ करणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला सोडू नये.

लोणावळा ते खोपोली

आतापर्यंतचे बिघाड सपाट रस्त्यावरही जाणवतात. दमण्याचा आजार मात्र उतारावरच कळतो.

ब्रेक गाडीची ऊर्जा नाहीशी करत नाहीत, तिची उष्णता करतात. पाच माणसं आणि सामान धरून १४०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, की सुमारे ५४० किलोज्यूल उष्णता तयार होते. त्यातली ७० टक्के पुढच्या दोन चाकांवर गेली आणि प्रत्येक डिस्क साडेपाच किलोची असली, तर एका थांब्यात डिस्कचं तापमान ७०-८० अंशांनी चढतं. एक थांबा काहीच नाही. आता तीच गाडी बोरघाटातून लोणावळ्याहून खोपोलीला उतरवा. उंचीतला फरक साधारण साडेपाचशे मीटर. तेवढ्या उतरणीत साडेसात मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे ताशी १०० वरून लागोपाठ चौदा वेळा गाडी थांबवण्याइतकी. एवढ्या उष्णतेत २४ लिटर पाणी उकळीला येईल. हवेचा विरोध, टायर आणि इंजिन यांनी वाटा उचलला तर प्रश्न नाही. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली किंवा पाचव्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरवली, तर जवळपास सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर येतो.

यातून जो दम लागतो तो दोन प्रकारचा असतो, आणि माझ्या मते ब्रेकविषयी एकच गोष्ट शिकायची असेल तर या दोघांमधला फरक शिकावा. पहिला प्रकार पॅडचा. घरगुती वापराच्या साध्या पॅडची पकड साधारण ३०० ते ४०० अंशांच्या टप्प्यात ढासळू लागते. पॅडमधला रेझिन जळू लागतो, त्यातून वायू निघतो, पृष्ठभाग गुळगुळीत होतो. पेडल उंच राहतं, कडक राहतं, आणि गाडी पुढे जात राहते. जळका वास येतो, कधी चाकातून धूर निघतो. भीतिदायक प्रकार, पण इशारा देऊन येणारा. प्रत्येक दाबाला थोडा जास्त जोर लागायला लागतो आणि थोडं थांबलं, ब्रेक गार झाले, की पकड बरीचशी परत येते.

दुसरा प्रकार ऑइलचा, आणि तो इशारा देत नाही. पॅडमधली उष्णता पिस्टनमार्गे कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत पोहोचते. ते उकळलं की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. मघाचा तो एक मिलिलिटरचा हिशेब आठवा. इथे पाच-सहा मिलिलिटर वाफ तयार झाली तर पेडल सरळ तळाला जातं. क्रूर भाग असा, की हे अनेकदा ब्रेक मारताना घडत नाही, ते जरा सोडल्यावर घडतं. दाब असेपर्यंत ऑइलचा उत्कलनबिंदू वाढलेला असतो. पाय काढला की दाब उतरतो आणि ऑइल उकळतं. घाट संपला म्हणून चालक निर्धास्त होतो, मिनिटभराने गावातल्या पहिल्या गतिरोधकापाशी पाय ठेवतो आणि पायाखाली काहीच नसतं. अशा वेळी पेडल भराभर मारत राहावं, गिअर खाली आणावेत, हँडब्रेक हळूहळू ओढावा. तो केबलवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही.

गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवावी, हा जुना ड्रायव्हरांचा नियम अजूनही सगळ्यात स्वस्त ब्रेक-सुधारणा आहे. ऑटोमॅटिक गाडीतही 'एल' किंवा मॅन्युअलचा खटका असतो. तो आहे हेच अनेकांना माहीत नसतं. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवण्यापेक्षा वेग वाढला की ठाम दाबून उतरवावा आणि पाय पूर्ण काढावा. उष्णता एकूण तेवढीच होते, पण मधल्या वेळात डिस्क-पॅडच्या फटीत हवा खेळते आणि ब्रेक दमायला लागलेत का हे प्रत्येक दाबाला कळत राहतं. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करण्याची सवय ट्रकवाल्यांत आहे, तिची किंमत पुणेकरांना ठाऊक आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अनियंत्रित ट्रकने वाहनांच्या रांगेत घुसण्याचे प्रकार वारंवार झाले आहेत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एकाच अपघातात कित्येक डझन गाड्या सापडल्या होत्या.

ड्रमचा जमाना

ज्यांनी पद्मिनी किंवा जुनी अँबेसेडर घाटात चालवली आहे, त्यांना हे सगळं पाठ असतं, कारण त्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम होते. ड्रमचं गणित मुळातच उतारावर उलटतं. चाक फिरताना ब्रेक शूला स्वतःबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतं, त्यामुळे थोड्या जोरात पुष्कळ ब्रेक मिळतो. पण हीच वाढ घर्षण कमी झालं की उलट बाजूने काम करते: लायनरची पकड थोडी घटली, की ब्रेकचा जोर त्याहून कितीतरी अधिक घटतो. वर तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो, म्हणून पेडलही खोल जातं. डिस्क फुगते ती पॅडच्या दिशेने, आणि ती उघड्यावर असते.

हा फरक साऱ्या जगाला दिसला तो १९५३ च्या जून महिन्यात, फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. डिस्क ब्रेकची कल्पना तेव्हाही जुनी होती. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण ती मोटारीच्या शर्यतीत टिकवून दाखवली जग्वार आणि डनलॉप यांनी. जग्वारचा चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस आणि डनलॉपचे अभियंते यांनी त्याआधी बराच काळ पॅड आणि ऑइल यांच्याशी झुंज दिली होती. ल मान्सच्या लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी एकदम हळू वळण येतं. तिथे ड्रमवाल्या गाड्यांना लवकर ब्रेक धरावा लागे, शर्यत जसजशी पुढे जाई तसतसा आणखी लवकर. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची सी-टाइप जग्वार मात्र तासामागून तास तितक्याच उशिरा ब्रेक मारत राहिली. ती जिंकली ताशी सुमारे १७० किलोमीटर सरासरीने. दोन वर्षांनी सिट्रोएन डीएस या रस्त्यावरच्या गाडीत पुढे डिस्क आल्या.

या इतिहासावरून मागचे ड्रम काढून डिस्क बसवण्याचा मोह अनेक हॅचबॅकवाल्यांना होतो. मी तो सल्ला देत नाही. जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं. लहान गाडीचा वेग ०.८ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट) दराने कमी होत असताना एकूण वजनाच्या १८ टक्क्यांच्या आसपास भार मागून पुढे जातो. आधी ६०-४० असलेली वाटणी ७८-२२ वर येते. मागच्या चाकांना काम उरतं ते थोडंच, आणि तेवढं ड्रम उत्तम करतो. शिवाय त्यात हँडब्रेक सुटसुटीत बसतो. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ओला ड्रम मात्र डिस्कपेक्षा उशिरा सुकतो. पुढे काही अंतर हलका ब्रेक दाबून तो सुकवून घ्यावा.

पैसे कुठे घालावेत

पहिले पैसे ऑइलवर. ब्रेक ऑइल ग्लायकॉल प्रकारचं असतं आणि ते हवेतली आर्द्रता शोषून घेतं, रबरी होजमधूनसुद्धा. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की १४० अंशही पुरेसे मानले जातात. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या चार पावसाळ्यांनंतर न बदललेलं ऑइल घाटात कुठे उभं असेल हे यावरून समजावं. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलणं हे डब्यातली पातळी भरून काढण्यापेक्षा वेगळं काम आहे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नाव जवळचं म्हणून ते इतरांत मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल तर थेंबभरही नको, ब्रेकमधली रबरं फुगून सगळी यंत्रणा निकामी होते. आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवावं, ते रंग उतरवतं.

दुसरे पैसे पॅडवर, पण आधी पॅडवरची अक्षरं वाचून. अनेक पॅडच्या कडेला किंवा पाठीवर कंपनीच्या खुणांच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं साध्या तापमानाला असलेली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. 'एफ-ई' लिहिलेला पॅड तापल्यावर कमी धरणार हे विक्रेत्याला न विचारताही कळतं. घाटात जाणाऱ्याला 'एफ-एफ' किंवा 'जी-जी' बरा. शर्यतीचे पॅड मात्र रस्त्यावर आणू नयेत. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या गेटमधून निघताना ब्रेक थंडच असतात.

नवे पॅड लावल्यावर पहिल्याच दिवशी महाबळेश्वर गाठू नये. नव्या पॅडमधला रेझिन पहिल्यांदा तापताना वायू सोडतो आणि पकड अचानक जाते. रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५-२० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक मारावा, मग काही किलोमीटर जवळपास ब्रेक न लावता गाडी चालवून गार होऊ द्यावी. पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. पॅड बदलतानाच कॅलिपरच्या स्लाइड पिना काढून साफ कराव्यात. त्या अडकल्या की एकच पॅड झिजतो, पेडल मऊ लागतं, गाडी एका बाजूला ओढते. त्यांना सिलिकॉन ग्रीसच लावायचं, बेअरिंगचं नव्हे. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि आजचीही धूळ फुप्फुसांत जाण्याच्या लायकीची नाही.

तिसरे पैसे होजवर, तेही गाडी जुनी असेल तर. दहा-पंधरा वर्षांचा रबरी होज दाबाखाली फुगतो आणि पेडलचा थोडा प्रवास खातो. कधी तो आतून सुजतो. मग दाब आत जातो पण परत येत नाही, चाक धरून राहतं, तापतं. स्टीलच्या विणीचे होज बसवले की पेडल घट्ट लागतं. नव्या गाडीत हा फरक इतका किरकोळ असतो की तो पायापेक्षा बिल पाहिल्यावर जास्त जाणवतो.

इथवर आल्यावर दहापैकी नऊ तक्रारी मिटलेल्या असतात असा माझा अंदाज आहे. तरी ज्यांची गाडी सामानाने भरून सतत घाटात असते, किंवा इंजिनाची ताकद वाढवलेली आहे, त्यांच्यासाठी मोठ्या डिस्कचा विचार करायला हरकत नाही. पण त्यातून काय मिळतं आणि काय नाही हे स्पष्ट हवं. गाडी थांबवतो तो टायर. आहेत ते ब्रेक जोरात दाबल्यावर एबीएस चालू होत असेल, तर टायरची पकड संपलेली आहे. डिस्क कितीही मोठी केली तरी तो पहिला थांबा एक मीटरनेही कमी होणार नाही. ०.८ जी ने ताशी १०० वरून थांबायला ४९ मीटर लागतातच, वर चालकाला सुचायला एक सेकंद लागला तर आणखी २८. मोठी, जड, पोटात हवेच्या वाटा असलेली डिस्क देते ती दहाव्या थांब्याची हमी. तिच्यात उष्णता मावते आणि लवकर बाहेर जाते. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला झकास, पण भोकांच्या कडेने चिरा जातात. भोकं पाडली जात ती पॅडमधून निघणारा वायू बाहेर जाण्यासाठी, आणि आजचे पॅड तेवढा वायू सोडत नाहीत. रस्त्यावरच्या गाडीला साधी, कोरी डिस्क सर्वांत चांगली.

पेडलचं गणितही बदलतं. नव्या कॅलिपरच्या पिस्टनांचं एकूण क्षेत्रफळ जास्त असेल, तर त्यांना जास्त ऑइल लागतं आणि पेडल आधीपेक्षा खोल जातं; हजारो रुपये घालून ब्रेक "ढिले" झाल्याची तक्रार येते ती इथून. मग कुणी मोठा मास्टर सिलिंडर सुचवतो. २२.२ मिलिमीटरच्या जागी २५.४ मिलिमीटरचा बसवला की पेडल छान वर येतं, पण तेवढ्याच दाबासाठी पायाला ३० टक्के जास्त जोर लावावा लागतो. पुढचे ब्रेक फार वाढवले तर मागची चाकं आळशी राहतात. मागचे वाढवले तर ती आधी अडकतात आणि गाडी फिरते. मोटारकंपनीने ही वाटणी महिनोन्‌महिने चाचण्या घेऊन ठरवलेली असते. म्हणून सर्वांत शहाणी वाट अशी, की आपल्याच मॉडेलच्या अधिक ताकदवान आवृत्तीचे ब्रेक, डिस्क-कॅलिपर-मास्टर सिलिंडर असा संपूर्ण संच म्हणून घ्यावेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत. विमा कंपनीलाही दाव्याच्या वेळी ते आठवतं.

साध्या कॅलिपरवर चिकटवायची लाल प्लॅस्टिकची झाकणं बाजारात मिळतात, त्यांच्याविषयी एवढंच सांगतो, की ती कॅलिपरभोवतीची हवा अडवतात आणि घाटात वितळतात.

विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांनी हा विषय पुन्हा मांडायला घेतला आहे. तिथे पेडल दाबलं की आधी मोटर जनरेटर होऊन गाडी थोपवते आणि वीज बॅटरीत परत पाठवते. डिस्क-पॅड नंतर येतात. काही गाड्यांत तर पेडलखाली जाणवणारा विरोध एका स्प्रिंगने मुद्दाम तयार केलेला असतो, चाकांवरचा दाब संगणक ठरवतो. मोटरकडून डिस्ककडे होणारा हा बदल गुळगुळीत हवा. २०१० च्या प्रियसमध्ये खड्ड्यावरून किंवा घसरड्या रस्त्यावरून जाताना ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटे. टोयोटाने त्या फेब्रुवारीत जगभरातल्या चार लाखांहून अधिक हायब्रिड गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदललं. पॅड, ऑइल, बूस्टर यांपैकी काहीही बिघडलेलं नव्हतं.

या गाड्यांच्या डिस्क घाटात दमत नाहीत, उलट वापर नसल्याने गंजतात. अपवाद एकच: बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर वीज परत ठेवायला जागा नसते, आणि गाडी निमूट डिस्कवर येते. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी सकाळी १०० टक्क्यांवर पाचगणीमार्गे पसरणीच्या घाटाला लागते तेव्हा हेच होतं. माणसांसकट १९०० किलोची गाडी तिथून वाईपर्यंत सहाशे मीटरांहून जास्त उतरते, तीन किलोवॅट-तासांच्या वर ऊर्जा मोकळी होते. तिच्यातली निम्मी जरी परत मिळाली, तरी ४० किलोवॅट-तासांच्या बॅटरीचे चार टक्के भरतात. चार्जिंगची मर्यादा आदल्या रात्री ९० टक्क्यांवर ठेवली, तर ते चार टक्के मावतात आणि उतारावरचं बरंचसं काम मोटरच करते.